दैव आणि पुरुषकार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाकडे मी वळलो तो ग्रंथ वाचून नव्हे, एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीकडे एका विधवा भगिनीचा अर्ज आला होता. निधीत शिल्लक थोडी होती. अर्ज बाजूस सारताना माझ्याच तोंडून शब्द निघाले, "ज्याचे त्याचे प्रारब्ध!" पुढे तो मुलगा शाळा सोडून एका दुकानात नोकरीस लागल्याचे कळले. तेव्हापासून एक प्रश्न मला सोडीत नाही : ते त्याचे प्रारब्ध होते, की माझे कर्म?

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे तीन भेद सांगितले आहेत : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. त्यासाठी बाणाचा दृष्टांत देतात. भात्यातले बाण म्हणजे संचित, धनुष्यातून सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध आणि हाती घेतलेला बाण म्हणजे क्रियमाण. सुटलेला बाण परत घेता येत नाही हे खरे. पण हातातला बाण कोठे सोडावा हे ठरविणारा कोण? आपणच. प्रारब्धाचे नाव घेणारे आपण नेमके या तिसऱ्या बाणास विसरतो.

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो, दैव श्रेष्ठ की पुरुषकार? भीष्म उत्तरादाखल ब्रह्मदेव व वसिष्ठ यांचा संवाद सांगतात. त्यात पुरुषकारास शेताची व दैवास बीजाची उपमा दिली आहे. बी आणि शेत यांचा संयोग झाल्यावाचून पीक येत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीतही एका चाकाने रथ चालत नाही, तद्वत् पुरुषकारावाचून दैव सिद्धीस जात नाही, असे म्हटले आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. त्यांत दैवाचा क्रम पाचवा आहे. कर्ता आणि त्याच्या नाना चेष्टा त्याच्या अगोदर आल्या आहेत. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त तर कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य या विषयास एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. कर्मसिद्धांत म्हणजे हातपाय गाळून बसणे, हा अर्थ आपल्या परंपरेचा नव्हे. आपल्या आळसाचा आहे.

परंतु आळसाहूनही एक मोठा दोष आहे. आपण दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब त्याच्या पूर्वजन्मावर मांडतो. विधवेचे दैन्य हे तिच्या पूर्वकर्माचे फळ, असे म्हणून एके काळी घरोघर दारे बंद झाली. अस्पृश्य मानलेल्या बांधवांविषयीही हेच बोलले गेले, आणि ते बोलण्यात आपल्यासारख्या ज्ञातींतील मंडळी मागे नव्हती, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला व पुढे विधवांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली. त्या भगिनींचे गतकर्म काय होते, हे विचारीत ते बसले नाहीत. आपल्या हातातला बाण कोणता, एवढेच त्यांनी पाहिले.

मला वाटते, कर्मसिद्धांत हा आरसा आहे. तो स्वतःपुढे धरावयाचा असतो. आपल्यावर संकट आले तर प्रारब्ध म्हणून ते धीराने सोसावे. दुसऱ्यावर आले तर ती आपल्या क्रियमाणाची वेळ आली असे समजावे. भुकेलेला मनुष्य दारी आला असता त्याचे प्रारब्ध वाचण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाही. त्यास घास द्यावयाचा की नाही, एवढाच प्रश्न आपल्यापुढे असतो आणि त्याचे उत्तर आपल्याच खाती जमा होते.

त्या मुलाचे गेलेले वर्ष मला परत देता आले नाही. तो बाण सुटला. मात्र त्यानंतर मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या मातोश्रींची क्षमा मागितली आणि पुढील जूनमध्ये तो पुन्हा शाळेत बसला. यंदाचेही अर्ज कार्यवाहांच्या टेबलावर आले आहेत. ते वाचताना 'प्रारब्ध' हा शब्द कोणीही उच्चारू नये, एवढीच माझी विनंती आहे.