पुढे कोण होणार?



दहावीची परीक्षा होऊन गेली आहे आणि निकाल अद्याप लागावयाचा आहे. अशा दिवसांत घरी पाहुणा आला की तो मुलाला हटकून विचारतो, 'काय रे, पुढे कोण होणार?' मुलगा ताडकन 'डॉक्टर' म्हणाला की आईबापांना समाधान वाटते. 'अजून ठरले नाही' म्हणाला की घरात अवघडलेली शांतता पसरते. मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, आपले हे समाधान आणि आपली ही चिंता पुष्कळदा भलत्याच मुलाच्या वाट्याला जातात.

हा प्रश्न ह्याच वयात का पडतो ते प्रथम पाहू. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, ११-१२ व्या वर्षापासून मुलाच्या विचारशक्तीत मोठा पालट होऊ लागतो. जे समोर आहे त्याच्याबरोबर जे असू शकेल त्याचाही तो पद्धतशीर विचार करू लागतो. सात वर्षांचा मुलगाही 'मी आगगाडी चालवणार' म्हणतो. पण तो खेळ असतो. पंधराव्या वर्षी त्याच वाक्यामागे 'आणि नाही जमले तर?' हा दुसरा प्रश्न उभा राहतो. खिडकीशी बसून राहणारा मुलगा नेहमी आळशीच असतो असे नाही. कित्येकदा तो ही नवी शक्ती चालवून पाहत असतो.

एरिक एरिक्सन यांनी ह्या वयाचे मुख्य काम 'मी कोण?' हे ठरविणे, असे म्हटले. त्यासाठी समाजाने तरुणाला उसंत द्यावी लागते. ह्या उसंतीला त्यांनी देणेघेण्याच्या व्यवहारातला शब्द वापरला : ऋणकोला मिळते ती मुदत. खुद्द एरिक्सन तरुणपणी चित्रे काढीत युरोपात भटकत होते. १९२७ साली व्हिएन्नातील एका लहानशा शाळेत शिकवावयास गेले, तेव्हा त्यांना वाट सापडली. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

हा विचार जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली कसोटीस लावला. मुलाखती घेताना ते दोन गोष्टी पाहत : ह्याने निरनिराळे मार्ग मनाशी चाचपून पाहिले आहेत काय, आणि कोणता तरी एक पत्करला आहे काय? त्यावरून चार प्रकार निघाले. कोणी शोधून निश्चय केलेले, कोणी अजून शोधात असलेले, कोणी ना शोध ना निश्चय असे वाहत चाललेले, आणि चौथे, न शोधताच वडीलधाऱ्यांचा निश्चय आपला म्हणून घेतलेले. ह्या चौथ्यांचे उत्तर सर्वांत आधी तयार असते. परंतु मार्सियांच्या प्रयोगात अपयश आले तरी अवास्तव उंच लक्ष्य धरून बसण्याकडे ह्यांचाच कल दिसला, आणि प्रतिकूल शेऱ्याने ह्यांचाच आत्मविश्वास अधिक डळमळला. उसन्या निश्चयाचे असेच होते.

मग मुलाला नुसती मोठी स्वप्ने दाखवावी काय? डाफ्ना ऑयसरमन आणि हेझेल मार्कस यांनी १९९० साली १३ ते १६ वर्षांच्या अमेरिकन मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुन्हेगारीकडे न वळलेल्या मुलांमध्ये त्यांना एक तोल अधिक आढळला. 'मी असा होईन' ही अपेक्षा आणि 'मी तसा होऊ नये' ही भीती त्यांच्या मनात जोडीने असत. शाळा पुरी करीन ही आशा, आणि शाळा सुटेल ही धास्ती, अशी ती जोडी. एका अभ्यासावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही मुलाने आपली भीती बोलून दाखवली, तर 'अभद्र बोलू नकोस' म्हणून आपण त्याचे तोंड बंद करतो, त्याचा फेरविचार करावयास हे पुरेसे आहे.

येथे कोणी म्हणेल, ही मुदत परवडणाऱ्यांची गोष्ट झाली. आक्षेप रास्त आहे. मार्सियांचे तरुण अमेरिकन महाविद्यालयांतले होते, आणि सगळे पुरुष होते. ज्या घरी उद्याची मजुरी आजच लागते, किंवा जिथे मुलीचे लग्न हेच तिच्या भविष्याचे उत्तर मानतात, तिथे मुदत देणार कोण? पण ह्यावरून मुदत निरुपयोगी ठरत नाही. ती वाटली विषम गेली आहे, एवढेच ठरते. शिष्यवृत्ती, वसतिगृह, रात्रशाळा ह्या सोयी म्हणजे समाजाने ह्या मुलांना दिलेली मुदतच होय, आणि ती देणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

तेव्हा घरी गेल्यावर आपला प्रश्न थोडा बदलून पाहा. 'कोण होणार?' ह्याऐवजी 'काय काय करून पाहावेसे वाटते, आणि भीती कशाची वाटते?' असे विचारा. उत्तर लगेच येणार नाही. ते येईपर्यंत जवळ बसून राहणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.