तळपायावरचा काळा ठिपका



श्रीगोंदा तालुका उसाचा आणि लिंबांचा. घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी या भागात पाणी आणले, साखर कारखाने उभे राहिले, आणि कागदी लिंबाच्या बागांनी तालुक्याचे नाव दूरच्या बाजारपेठांत पोहोचविले. परंतु उसाचे तोडलेले रान असो की लिंबाची बाग, तेथे राबणाऱ्याच्या पायाला धसकट आणि काटा चुकत नाही. त्यामुळे एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या तळपायावर काळा ठिपका दिसला, तर घरातल्या सर्वांचे उत्तर ठरलेले असते : ‘काटा मोडला असेल.’ बहुतेक वेळा ते खरेही असते. आजचे विवेचन आहे ते ज्या वेळी ते खरे नसते त्या वेळेसंबंधी.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा लहानसा पुंजका म्हणजे तीळ. माणसाच्या अंगावरील बहुतेक तीळ बालपणी आणि तारुण्यात उमटतात. उतारवयात ते फिके पडतात, काही तर नाहीसे होतात. यावरून एक साधा निष्कर्ष निघतो. साठी-सत्तरीनंतर अंगावर जो ‘नवा तीळ’ येतो, तो बहुधा तीळ नसतोच. पुष्कळदा तो वयोमानाने येणारा मस असतो. पाठीवर, छातीवर, कपाळावर तपकिरी-काळा, खरबरीत, मेणाने वरून चिकटविल्यासारखा दिसणारा हा मस निरुपद्रवी असतो आणि त्यावर उपचाराची गरज नसते. नाकाच्या किंवा डोळ्याच्या कडेला सावकाश वाढणारी, मोत्यासारखी चकाकणारी काळी गाठ मात्र त्वचेच्या एका कर्करोगाची असू शकते. तो सहसा दूरवर पसरत नाही, पण जागच्या जागी पोखरत जातो. याहून भयंकर असा तिसरा प्रकार म्हणजे मेलानोमा, अर्थात रंगपेशींचाच कर्करोग.

गोऱ्या कातडीच्या लोकांत या रोगाचा संबंध प्रखर उन्हाशी जोडला जातो. ऑस्ट्रेलियासारख्या देशात तो मोठा सार्वजनिक प्रश्न आहे. आपल्याकडे तो विरळा. पण विरळा असला तरी तो जेथे होतो ती जागा फसवी असते, कारण सावळ्या त्वचेच्या माणसांत तो पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागी, म्हणजे तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली उगवतो. रिचर्ड रीड या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने या प्रकाराचे स्वतंत्र वर्णन १९७६ मध्ये केले. पुढच्याच वर्षी जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हा रोग आढळला. ती फुटबॉल खेळताना झालेली इजा असावी, असा आरंभी समज होता. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते निवर्तले. तेथे चेंडू, येथे काटा. समज मात्र एकच.

अशा रुग्णाची तपासणी कशी व्हावी? तिला प्रारंभी कोणतेही यंत्र लागत नाही. श्रीगोंद्याच्या परिसरातील एखादे सत्तरीचे आजोबा डोळ्यांसमोर आणावेत. प्रथम विचारावयाचे ते डागाचे वय. तो केव्हापासून आहे, वाढला आहे काय, रंग बदलला काय, खाज किंवा रक्त येते काय? त्यानंतरचा प्रश्न जरा जपून विचारावा लागतो, कारण उत्तर देताना माणूस संकोचतो : त्यावर काय लावले? चुना आणि पापडखार, बिब्ब्याचे तेल, दाढीचे पाते, काटा काढण्याची सुई यांपैकी काहीतरी बहुधा झालेले असते. यात रुग्णाला दोष देण्याचे कारण नाही. पण जळालेल्या, कोरलेल्या डागाचे मूळ रूप नष्ट होते आणि निदान अवघड होते, हे समजावून सांगणे अगत्याचे आहे.

रुग्णाच्या राहणीविषयी विचारण्याची ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये, कमरेला वर्षानुवर्षे घट्ट धोतर नेसल्याने त्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशाच दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. एकीच्या कमरेवरील व्रण १८ महिने, दुसरीचा २ वर्षे भरून येत नव्हता. कारण होते कमरेला रोज करकचून बांधलेली परकराची नाडी आणि लुगडे. दुसरीच्या बाबतीत रोग जांघेतील गाठीपर्यंत गेला होता. हा रोग मेलानोमाहून वेगळा. पण दोन वर्षे तो कोणी पाहिला नाही, ही गोष्ट मात्र येथेही लागू पडते.

विचारणे झाल्यावर पाहणे. ते भर उजेडात आणि सर्वांगाचे व्हावे. टाळू, कानांमागची जागा, तोंडाच्या आतला भाग, पायाच्या बोटांमधील बेचक्या, वीसही नखे. आजींच्या बाबतीत स्त्री कर्मचारी असावी हे सांगावयास नकोच. डागाची लांबी-रुंदी पट्टीने मोजून लिहावी. शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुढच्या खेपेस तुलना करता येते. न्यूयॉर्कमधील त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये संशयास्पद तिळाची काही लक्षणे सूत्ररूपाने मांडली. डागाचे दोन अर्धे परस्परांशी न जुळणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच डागात अनेक रंगछटा दिसणे आणि व्यास ६ मिलिमीटरहून, म्हणजे साधारणपणे पेन्सिलीच्या बुडापेक्षा, अधिक असणे. डाग बदलत जाणे हे लक्षण पुढे त्यांत जोडले गेले, आणि वृद्धांच्या बाबतीत तेच सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल. तथापि या सूत्रावर आंधळा भरवसा ठेवू नये. तळपायावरील मेलानोमा कधी काळा नसतोच. लालसर, न भरणारी जखम किंवा ‘कुरूप’ म्हणूनही तो वावरतो. नखावरील काळ्या उभ्या रेषा सावळ्या माणसांत अनेक बोटांवर असतात आणि त्या स्वाभाविक असतात. पण उतारवयात एकाच अंगठ्यावर नवी रेषा उमटली, ती रुंदावत गेली किंवा तिचा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर त्याला नखुरडे समजून थांबू नये.

येथे जपानमधील एक निरीक्षण सांगण्याजोगे आहे, आणि ऊस लावणाऱ्याला ते डॉक्टरांपेक्षा लवकर समजेल. तळपायाच्या कातडीवर बारीक सरी आणि वरंबे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत उतरतो. मेलानोमाचा रंग वरंब्यावर चढतो. डॉ. तोशिआकी सैदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भेद प्रस्थापित केला. तो पाहण्यासाठी सुमारे दहापट मोठे दाखविणारे, दिवा बसविलेले भिंग त्वचारोगतज्ज्ञांकडे असते. या भिंगाने कित्येकांची अनावश्यक शस्त्रक्रिया टळते, हाही त्याचा लाभ. काट्याने साकळलेले रक्त असेल तर डॉक्टर वरची निबर कातडी तासून पाहतात. रक्ताचा डाग तिच्याबरोबर निघून जातो.

यानंतर हाताने चाचपून जांघेत आणि गुडघ्यामागे गाठी आहेत काय हे पाहावे. गावात जांघेतील गाठीला अवधाण म्हणतात आणि पायाच्या कोणत्याही जखमेने ते येते. म्हणून एकट्या गाठीवरून घाबरू नये. पण पायावर संशयित डाग आणि जांघेत टणक गाठ असे दोन्ही असेल, तर उद्यावर टाकू नये.

अंतिम निदान मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होते. शक्य तेथे संपूर्ण डाग, भोवतीची १ ते ३ मिलिमीटर निरोगी कातडी आणि खालच्या चरबीसह काढला जातो. डाग फार मोठा असेल तर त्याच्या सर्वांत जाड भागाचा तुकडा घेतात. जागा बधिर करून ही शस्त्रक्रिया होते. सत्तरी ओलांडलेल्यांनाही ती सोसते. मधुमेह आहे काय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत काय, हे आधी सांगावे म्हणजे झाले. ‘चाकू लागला की गाठ पसरते’ ही समजूत खेड्यातच नव्हे, शहरातील सुशिक्षितांतही आहे. तिला आधार नाही. खरा धोका वेगळाच आहे. चामखीळ समजून डाग विजेने जाळला किंवा कापून कचऱ्यात टाकला, तर तपासावयाला काहीच उरत नाही. काढलेला प्रत्येक संशयित तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत, नाव आणि जागा लिहून, विकृतिशास्त्रज्ञाकडे गेलाच पाहिजे. अमेरिकन वैद्य अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, या रोगाचे भवितव्य मुख्यतः गाठीच्या खोलीवर अवलंबून असते. एक मिलिमीटरच्या आत असलेला रोग शस्त्रक्रियेने बहुधा पूर्ण बरा होतो. चार मिलिमीटरपर्यंत गेलेल्या रोगाबाबत असे म्हणता येत नाही. वृद्ध माणसाचे ‘आता या वयात काय’ हे वाक्य ज्या अंतरावर निकाली निघते, ते अंतर एवढेच आहे.

गावपातळीवरील आरोग्य तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश आहे. तळपाय त्यात नाही. त्यासाठी नवी मोहीम मागण्याची आवश्यकता नाही. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत कर्मचारी घरोघरी जाऊन त्वचेवरील चट्टे पाहतातच, मधुमेही रुग्णांचे पाय तपासले जातातच. त्याच वेळी ‘आजोबा, पाऊल जरा उलटे करा’ एवढे म्हटले तरी पुरे. सांगितल्याने लोक लवकर येतात, याचा पुरावाही जवळच आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांसाठी १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्ते नोंदीबरोबरच गावोगाव लक्षणे सांगत गेले, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा आरंभीच्या अवस्थेत येऊ लागल्याचे दिसून आले.

कर्करोगावरील शस्त्रक्रियांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून सामावून घेण्यात आले आहे. त्यासाठीचे कार्ड ग्रामपंचायतीने आधीच काढून दिलेले असावे. रुग्ण पुण्याला किंवा मुंबईला निघाल्यावर कागद शोधण्यात दिवस जातात.

एक लहानशी बाब उरली. तुकडा तपासणीला जातो, रुग्ण गावी परततो, टाके सुकतात, पायाचे दुखणे थांबते, आणि अहवाल रुग्णालयातच पडून राहतो. तो आणण्यासाठी पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून जाणारे घरात कोणी नसते. तेव्हा तुकडा दिल्याची तारीख आशा कार्यकर्तीने आपल्या वहीत लिहावी, आणि अहवाल हाती येऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो पाहीपर्यंत त्या नावावर रेघ मारू नये.