परसांतील पाण्याची वाट

चैत्रांत पुण्याच्या एखाद्या बंगल्यापुढें उभें राहिलें, तर बहुधा एकच देखावा दृष्टीस पडतो. टेकड्या पिंवळ्या पडलेल्या, रस्त्यावर धुरळा, आणि कुंपणाच्या आंत मात्र हिरवळ लखलखत असलेली. ही आवड आली इंग्लंडांतून. तेथें पाऊस बाराहि महिने थोडाथोडा पडतो. पुण्याचा पाऊस वर्षास सुमारें ७०० मिलिमीटर, आणि तोहि बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यांत हिरवळीस दिवसाकाठीं निदान ५ मिलिमीटर लागतें. तेव्हां ५० चौरस मीटरांची हिरवळ रोज २५० लिटर पिते. शहरांत माणशीं पाणीपुरवठ्याचें प्रमाण १३५ लिटर धरतात. जवळजवळ दोन माणसांचें पाणी असें गवतांत जातें, आणि पलीकडच्या वस्तींत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे रांगेनें मांडलेले असतात.

जुन्या वाड्यांत आडाचें पाणी हातानें शेंदावें लागे, त्यामुळें बागेची आंखणीच पाण्याच्या वाटेनें होई. न्हाणीचें पाणी जेथें परसांत उतरे, तेथें केळ, कर्दळ आणि अळू. हाताशीं तुळस व मोगरा. कुंपणाकडे शेवगा, पारिजातक, अडुळसा, कण्हेर, म्हणजे एकदां मूळ धरल्यावर ज्यांची फारशी विचारपूस करावी लागत नाहीं अशीं झाडें. याहून चांगला नकाशा आजहि सांपडणें कठीण. फरक इतकाच, कीं शिकेकाई गेली, साबण आला. तें पाणी केळीस, कर्दळीस चालेल, अळूस नको. कपडे धुण्याच्या पुडीचें पाणी तर काळ्या जमिनींत मुळींच जिरवूं नये. त्यांतील क्षारांनीं माती घट्ट होते.

मोगऱ्याजवळ बिनझिलईचें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, भरावें, वर झांकण ठेवावें. भोंवतालची माती सुकेल तसतसें पाणी पाझरतें. मडकें नवें असावें. जुन्याचीं छिद्रें बुजलेलीं असतात. वर वाळल्या पाल्याचा थर घालावा. हाच पाला माळी रोज सकाळीं झाडून जाळतो, आणि घरधनी त्यास स्वच्छता म्हणतो!

हिरवळ हवीच असेल, तर आपली हरळी आहे. पाणी तोडलें कीं वैशाखांत ती मेल्यासारखी दिसते, आणि पाऊस लागतांच पुन्हां फुटते. तेवढे दिवस अंगण पिंवळें पाहण्याची तयारी मात्र हवी. बहुतेक घरांत घोडें अडतें तें तेथेंच.