स्पिटफायरचं इंजिन काढताना

आज बोलायचंय ते आमच्या दारव्ह्याच्या घरी माळ्यावर एकोणीस वर्षं पडून राहिलेल्या एका विमानाबद्दल. बाल्सा लाकडाच्या किटमधून बांधलेलं स्पिटफायर, पंखांची लांबी साधारण एक मीटर चाळीस सेंटीमीटर. बांधलं माझ्या दादानं.

दादा नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता. तिथे त्याला एरोमॉडेलिंगचं वेड लागलं. तेव्हा कोलकात्यात बनलेली छोटी डिझेल इंजिनं असायची. ईथर, रॉकेल आणि एरंडेल मिसळून त्यांचं इंधन तयार करायचं. दादाच्या शर्टाला कायम एरंडेलाचा वास. स्पिटफायरसाठी मात्र त्यानं मोठं ग्लो इंजिन घेतलं, मिथेनॉल आणि तेलावर चालणारं. ते त्यानं अंगणात कितीदा तरी चालवलं. पण नोकरी, लग्न, दुकान... विमान उडायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी दादाला अर्धांगाचा हलका त्रास झाला. चालणं-बोलणं सावरलं, पण उजव्या हाताच्या बोटांत जोर राहिला नाही. बोटानं प्रोपेलरला फटका देऊन इंजिन चालू करणं आता त्याला शक्य नव्हतं. मी म्हटलं, इलेक्ट्रिक करू. तर म्हणतो, "अबे, आवाज नाई त विमान कायचं?" दोन दिवसांनी स्वतःच माळ्यावरून खोकं काढायला लावलं.

आता मुद्द्यावर येतो. लोकांना वाटतं, इंजिनाच्या जागी मोटर बसवली की काम झालं. हातपंप काढून बॅटरीचा फवारणी पंप घेतो तसं. मोटर निवडणं खरंच सोपं आहे. लढाऊ विमानाच्या मॉडेलला दर किलोमागे साधारण अडीचशे वॅट धरायचे. आमचं विमान २.३ किलोचं, म्हणजे ५७५ वॅट. चार सेलच्या लिपो बॅटरीचे १४.८ व्होल्ट. भागाकार केला की ३९ अँपिअर येतात. म्हणून स्पीड कंट्रोलर ६० अँपिअरचा घेतला, थोडी सवड ठेवून. इथवर गणित पाचवीचं आहे.

अडचण तोलाची. विमानाचा गुरुत्वमध्य नकाशावर दाखवलेल्या जागीच यायला हवा. तो मागे सरकला तर विमान शेपटावर बसल्यासारखं नाक वर करतं आणि हातात राहत नाही. आम्ही काट्यावर वजनं केली. सायलेन्सरसकट इंजिन ४९० ग्रॅम, तेही तोलाच्या खुणेपासून २८ सेंटीमीटर पुढे, अगदी नाकात. मोटर फक्त २६० ग्रॅम. बॅटरी ३५० ग्रॅम. एकूण वजन वाढलंच, पण नाकातलं घटलं.

मी आळस केला. कॉकपिटच्या काचेखाली बॅटरीसाठी आयती जागा होती. झाकण काढा, बॅटरी ठेवा, किती सोयीचं! पण ती जागा जवळजवळ तोलाच्या खुणेवरच. तिथे बॅटरी ठेवली तर नाकात दोनशे ग्रॅम शिसं भरावं लागलं असतं. २.३ किलोच्या विमानाला दोनशे ग्रॅम फुकटचं ओझं! म्हणजे उतरताना वेग जास्त आणि आपटलं तर मारही जास्त.

उपाय एकच होता. इंधनाच्या टाकीच्या जागेत बॅटरी न्यायची आणि ती आणखी दीड सेंटीमीटर पुढे सरकेल एवढं फायरवॉलला भोक पाडायचं. फायरवॉल म्हणजे इंजिन ज्या प्लायवुडवर बसतं ती भिंत. दादानं एकोणीस वर्षांपूर्वी बसवलेली. करवत माझ्या हातात होती, पण चालवायला धजेना. दादा म्हणाला, "काप. इमान उडवाचं हाय का शोकेसमंदी ठेवाचं हाय?"

कापल्यावर कळलं की लाकडात तेल मुरलेलं आहे. तेल मुरलेल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही, हे लक्षात ठेवा. चकचकीत दिसतं, पण पहिल्या धक्क्याला सुटतं. आम्ही तो भाग कोऱ्या लाकडापर्यंत खरवडून काढला, मागून नवं प्लायवुड लावलं आणि कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या दिल्या.

दुसरी गोष्ट हवेची. मोटर, कंट्रोलर, बॅटरी तिन्ही तापतात. यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. पुढे हवा आत यायला भोक ठेवलं, तर मागे बाहेर जायचं भोक त्याहून मोठं हवं. नाहीतर गरम हवा आतच कोंडते.

आता माझी चूक सांगतो, कारण हा भाग मुख्यतः त्यासाठीच करतोय.

सगळं जोडून झालं. रात्री ओसरीवर, उत्साहाच्या भरात, मी प्रोपेलर लावलेला असतानाच बॅटरी जोडली. रिमोटवर थ्रॉटलची दिशा उलटी लागलेली होती. काडी खाली होती, पण कंट्रोलर सेट करताना मी ती वर-खाली केली आणि मोटर एकदम पूर्ण वेगात सुटली. विमान टेबलावरून पुढे सरकलं. दादाचा मुलगा, दहा वर्षांचा, समोरच टॉर्च धरून उभा होता. मी शेपूट पकडलं, दादानं डाव्या हातानं पोराला मागे ओढलं. टेबलावरचं प्लास्टिक फाटलं, बाकी काही झालं नाही. पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

इंजिन बंद असतं तेव्हा ते खरंच बंद असतं. मोटरचं तसं नाही. बॅटरी जोडली त्या क्षणापासून ती चालूच आहे असं समजायचं. म्हणून नियम असा: घरात प्रोपेलर लावायचाच नाही. मोटरची दिशा, थ्रॉटल, सिग्नल तुटल्यावर मोटर बंद होते का, हे सगळं प्रोपेलरशिवाय तपासायचं. मैदानात प्रोपेलर लावायचा, विमान धरून ठेवायचं, बॅटरी सगळ्यात शेवटी जोडायची आणि पुढे कुणी उभं राहायचं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी गावाबाहेरच्या मुरमाड पडीत वावरात गेलो. काळ्या मातीचं वावर टाळलं, तिथे भेगांत चाक अडकतं आणि स्पिटफायरची चाकं आधीच जवळजवळ असतात. निघण्याआधी डिजिटल स्काय नकाशा पाहिला. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत उडवता येतं, आणि मॉडेल कायम नजरेच्या टप्प्यात हवं.

मूळ स्पिटफायर १९३६ साली पहिल्यांदा उडालं. पुढे त्यातलं २७ लिटरचं मर्लिन इंजिन बदलून जवळपास ३७ लिटरचं ग्रिफन बसवलं. त्याचा प्रोपेलर उलट दिशेनं फिरायचा, म्हणून उडताना वैमानिकाला रडरचा पाय बदलावा लागे. इंजिन बदललं की विमानाचा स्वभाव बदलतो, हे त्यांनाही चुकलं नाही.

आमच्याही विमानाचा बदलला होता. इंधनाचं विमान उतरताना हलकं झालेलं असतं, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढ्याच वजनाची. म्हणून थोड्या जास्त वेगानं उतरवायचं. वेळ पाच मिनिटांची लावली होती, पुतण्या मोठ्यानं मोजत होता.

उतरवताना माझे हात थरथरत होते. दादा माझ्या खांद्यामागे उभा राहून हळू आवाजात सांगत होता. "नाक खाली. आता सोड. थांब... आता वर." चाकं टेकली, विमान थोडं उडालं आणि थांबलं.

मी विचारलं, "आवाज नाही, कसं वाटलं?"

दादा म्हणाला, "आवाज असता त तुले माहं ऐकू आलं असतं का?"

बॅटरी घरी आणून प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवली आणि पत्र्याच्या डब्यात घातली. तुम्हीही तसंच करा, आणि चार्जिंगला लावून झोपू नका. पुढच्या रविवारी रिमोट दादाच्या हातात असेल. उजव्या हाताचं काम डाव्या काडीवर कसं घ्यायचं, ते सध्या शोधतोय. ते पुढच्या भागात.