अतिदीर्घ लहरींचे श्रवण

रेडिओलहरींच्या विस्तीर्ण पटात सेकंदाला 3,000 ते 30,000 आवर्तने, म्हणजेच 3 ते 30 किलोहर्ट्झ कंप्रता, असणाऱ्या लहरींचा एक स्वतंत्र गट मानला जातो. कंप्रता जितकी कमी तितकी लहरीची लांबी अधिक, या नियमानुसार या लहरींची लांबी 10 ते 100 किलोमीटर भरते, आणि म्हणून त्यांना अतिदीर्घ लहरी हे नाव शोभते. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे 792 किलोहर्ट्झवरील प्रक्षेपण सुमारे 379 मीटर लांबीच्या लहरींवरून होते, हे लक्षात घेतले म्हणजे दोहोंच्या आकारमानातील अंतर स्पष्ट होते.

या लहरींचा मोठा गुण म्हणजे त्यांचा दूरवरचा आणि बराचसा स्थिर प्रवास. पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा थर सूर्यकिरणांमुळे विद्युत्भारित झालेला असतो; त्याला आयनांबर म्हणतात. त्याची खालची कड दिवसा सुमारे 70, तर रात्री 85 ते 90 किलोमीटर उंचीवर असते. खाली जमीन किंवा समुद्र आणि वर ही कड, अशा दोन भिंतींमधल्या पोकळीतून अतिदीर्घ लहरी पुढे सरकतात आणि हजारो किलोमीटर गेल्यावरही फारशा विरून जात नाहीत.

या गुणाचा उपयोग विसाव्या शतकाच्या प्रारंभी महासागरापलीकडे तारा पाठवण्यासाठी झाला. स्वीडनमधील ग्रिमेटन येथील केंद्र 1924 च्या अखेरीस कामाला लागले आणि 2 जुलै 1925 रोजी राजा पाचवा गुस्ताव्ह याच्या हस्ते त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. तेथील प्रक्षेपकात इलेक्ट्रॉन नलिका नाहीत. एर्न्स्ट अलेक्झांडरसन या स्वीडिश-अमेरिकन अभियंत्याने सिद्ध केलेले, प्रचंड वेगाने फिरणारे 200 किलोवॅटचे विद्युत्जनित्रच तेथे थेट 17.2 किलोहर्ट्झची लहर निर्माण करते. या लहरीची लांबी साडेसतरा किलोमीटरांच्या जवळपास असल्याने 127 मीटर उंचीच्या सहा मनोऱ्यांवर ताणलेली अँटेनाही तिच्यापुढे खुजी ठरते, आणि म्हणूनच एवढी शक्ती खर्ची घालावी लागे. पुढे लघुलहरींनी हेच काम अल्प खर्चात साधले. 1927 मध्ये खडकी आणि दौंड येथील केंद्रांमार्फत इंग्लंडशी सुरू झालेली बिनतारी तारसेवा याच नव्या युगाची होती. ग्रिमेटनचे यंत्र मात्र जतन केले गेले, 2004 मध्ये त्या केंद्राला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला आणि वर्षातून मोजक्या प्रसंगी तेथून अजूनही संदेश प्रक्षेपित होतो.

लघुलहरींना न जमणारे एक काम तरीही अतिदीर्घ लहरींकडेच राहिले. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी झपाट्याने शोषल्या जातात. परंतु कंप्रता कमी असेल तर त्या काही मीटर खोल पोहोचतात, आणि पाण्याखालील पाणबुडीला संदेश देण्यास तेवढे पुरते. भारतीय नौदलाचे असे केंद्र तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात विजयनारायणम येथे 1990 मध्ये कार्यान्वित झाले. त्याची 18.2 किलोहर्ट्झची लहर संशोधकांनाही उपयोगी पडली आहे: 22 जुलै 2009 च्या खग्रास सूर्यग्रहणात देशातील अनेक ठिकाणी तिची तीव्रता नोंदवण्यात आली आणि सूर्य झाकला गेल्यावर आयनांबर कसे बदलते याचा मागोवा घेता आला.

नौदलांची केंद्रे बलाढ्य असतात. खरी कसोटी लागते ती क्षीण संदेश ऐकताना. येथे क्षीणता म्हणजे केवळ लहानपण नव्हे. कोणताही लहान संदेश इलेक्ट्रॉनिक मंडलाने हवा तितका वाढवता येतो, परंतु त्याबरोबर गोंगाटही तितकाच वाढतो. म्हणून संदेश किती मोठा आहे यापेक्षा तो गोंगाटाच्या तुलनेत किती आहे, हा प्रश्न निर्णायक ठरतो. या पट्ट्यातील गोंगाटाचा मुख्य उगम वीज आहे. जगात कोठे ना कोठे दर सेकंदाला सरासरी चाळीस-पन्नास विजा चमकतात आणि प्रत्येक विजेचा रेडिओस्फोट त्याच पोकळीतून दूरवर पसरतो. वळवाच्या दिवसांत महाराष्ट्रात जे ढग गडगडतात, त्यांची कडकड अशा ग्राहीवर शेकडो किलोमीटर अंतरावरही उमटते. गोंगाट असा बाहेरूनच येत असल्यामुळे मोठी अँटेना संदेश आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढवते, आणि तिचा विशेष लाभ होत नाही; मीटरभर उंचीचा दांडा किंवा तारेचे वेटोळेही पुरते. त्याहून महत्त्वाची असते जागा, कारण घरगुती विजेच्या तारा 50 हर्ट्झच्या पटींत गुणगुणत असतात. गावापासून, खांबांपासून दूर अँटेना उभारणे आणि वेटोळे फिरवून त्रासदायक दिशा बंद करणे, हे ग्रहणाचे पहिले संस्कार होत.

दुसरा उपाय काळाचा आहे. ग्राही कंप्रतेचा जितका अरुंद पट्टा ऐकेल तितका कमी गोंगाट त्यात शिरतो. मात्र पट्टा अरुंद करायचा तर अधिक वेळ ऐकावे लागते. एक हर्ट्झच्या पट्ट्याला साधारण एक सेकंद लागतो, तर हर्ट्झच्या हजाराव्या भागाला हजार सेकंद, म्हणजे सुमारे सतरा मिनिटे. परंतु त्या बदल्यात गोंगाटाची शक्ती हजारपटीने घटते. संगणकाचे साधे साउंड कार्ड सेकंदाला 48,000 नमुने घेऊन 24 किलोहर्ट्झपर्यंतची लहर टिपू शकते, आणि पुढचे पृथक्करण संगणक करतो. विजेचे उंच सुळके आधीच छाटून टाकले, तर उरलेला गोंगाट पुष्कळ सौम्य होतो. मात्र 8 किलोहर्ट्झची लहर हजार सेकंदांत 80 लाख आवर्तने घेत असल्यामुळे घड्याळ एक कोटीत एक भागाने चुकले तरी जवळजवळ एका आवर्तनाची गल्लत होते. म्हणून जीपीएस उपग्रहांच्या कालसंकेतांशी नोंदी जुळवून घ्याव्या लागतात. याच पद्धतीने हौशी प्रयोगकर्त्यांनी वॅटच्या हजाराव्या भागाहूनही कमी प्रारित शक्तीचे संदेश अटलांटिकपार ओळखले आहेत. ग्रिमेटनला जे शक्तीने साधावे लागले, ते येथे चिकाटीने साधले.

अशा श्रवणाचा सर्वांत मोठा लाभ ज्याला अडथळा मानले त्याच्याकडूनच झाला. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या टेलिफोनवरील बोलणे चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांना उंच स्वरापासून खाली उतरत जाणाऱ्या शिट्ट्या ऐकू आल्या. केंब्रिजच्या एल. आर. ओ. स्टोरी यांनी 1953 मध्ये त्यांचा उलगडा केला: विजेच्या लहरीचा काही अंश आयनांबर भेदून पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेच्या वाटेने हजारो किलोमीटर उंच जातो आणि दुसऱ्या गोलार्धात उतरतो, वाटेत उच्च कंप्रतेचा भाग पुढे आणि नीच कंप्रतेचा मागे पडत असल्याने कडकडाटाची शिट्टी होते. एकही उपग्रह आकाशात नसताना त्या उंचीवर किती इलेक्ट्रॉन आहेत याचा अंदाज या शिट्ट्यांवरून बांधता आला. विजेचा गोंगाट नाहीसा करता येत नाही; त्याच्याकडे बारकाईने कान दिला तर मात्र तो स्वतःच दूरवरची बातमी घेऊन येतो.