मागचा लोखंडी जिना
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आठवणी आपण जेवताना काढूच. आज शाळेला काय भेट द्यायची ते ठरवायचं आहे. कमान आणि डिजिटल फळा अशा दोन सूचना आल्या आहेत. माझी तिसरी सूचना जुन्या इमारतीच्या मागच्या लोखंडी जिन्याची आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातली, १९१५ ची वास्तू. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत मात्र १६ जुलै २००४ ला ९४ मुलं गेली. स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि वरच्या मजल्यावरून उतरायला अरुंद जिना होता. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांना अग्निसुरक्षेचे आदेश दिले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे बॅकअप रोज घेतात. पण त्यातून माहिती खरंच परत मिळते का, हे अधूनमधून करून बघावं लागतं. नाहीतर गरजेच्या दिवशी फजिती होते. मागच्या जिन्याचंही तसंच आहे. तो रोज वापरात नसतो, म्हणून त्याचं दुखणं कुणाला कळत नाही.

लोखंडी जिना बहुधा भिंतीजवळ आधी खराब होतो. जिथे बोल्ट भिंतीत शिरतो तिथे पावसाचं पाणी मुरतं. गंज फुगतो, भोवतीचा गिलावा तडकतो आणि पकड सुटते. वरून ऑइलपेंट मारला की हे सगळं झाकलं जातं. म्हणून आधी गंजाचे पापुद्रे खरवडायचे, हातोडीने ठोकून बघायचं. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेलं बद्द वाजतं. मग रेड ऑक्साइड आणि शेवटी रंग. जिना किती मुलांचं वजन पेलेल, हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच विचारायचं.

दाराकडेही बघायला हवं. ते बाहेरच्या बाजूला उघडावं, शाळा भरलेली असताना त्याला कुलूप नसावं आणि जिन्याखाली मोडकी बाकं, सायकली नसाव्यात. कुलपाची किल्ली शिपाईमामांच्या खिशात असेल आणि ते बँकेत गेले असतील, तर त्या दाराचा उपयोग काय?

आपल्या राज्यात आग प्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते फाइलला लागेलच. त्याच दोन महिन्यांत एकदा घंटा वाजवून वरच्या वर्गातली मुलं मागच्या जिन्याने खाली उतरवून बघावीत, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे. अर्थात इंजिनिअरने जिना तपासल्यावरच.

माझं म्हणणं एवढंच : जमलेल्या निधीतून आधी इंजिनिअरची तपासणी आणि जिन्याची दुरुस्ती, उरलेल्यातून फळा. दर दिवाळीला, पावसाळा संपल्यावर, आपल्यापैकी दोघांनी गावी आल्यावर तो जिना वरून खालपर्यंत उतरून बघायचा. या वर्षीच्या दोघांत माझं नाव लिहा. दुसरं नाव कुणाचं, ते आत्ताच सांगा.