टक्केवारीच्या आत

एका दिवसाच्या सहलीला निघालेल्या कॉलेजच्या मुलींच्या गप्पाही फिरून प्रवेशाच्या टक्केवारीवर येतात. म्हणून आज अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचा हिशेब सांगते.

१९७३ साली तिथे पदव्युत्तर प्रवेश मिळाला तो अर्जदार पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. उघड अन्याय! पण १९७५ मध्ये बिकेल, हॅमेल व ओ'कॉनेल या संशोधकांनी विभागवार आकडे मांडले. ८५ विभागांपैकी स्त्रियांच्या बाबतीत ठळक तूट निघाली ती चारच विभागांत. पुरुषांच्या बाबतीत सहांत. स्त्रियांचे अर्ज जास्त करून गर्दीच्या, कमी जागांच्या विभागांकडे गेले होते. गणित लागणाऱ्या, तुलनेने मोकळ्या विभागांकडे कमी.

"म्हणजे भेदभाव नव्हताच," असे म्हणून काहीजण मोकळे होतात. (सोयीचा आकडा मिळाला की आपणही होतो.) मला ते पटत नाही. मुलीचे गणित सुटते ते विद्यापीठाच्या दारात नव्हे, कितीतरी आधी. त्या संशोधकांनीही बोट तिकडेच दाखवले होते. तेव्हा आपल्या भागातल्या कॉलेजकडे प्रवेशाचा तक्ता मागाल, तर शाखावार अर्जांची संख्याही मागा. आणि ज्यांनी विज्ञानाचा अर्जच भरला नाही, त्या मुलींना घरी जाऊन विचारा, शाखा कोणी ठरवली?